कोलोनोस्कोपीचा चार्ट उघडला की आधी काय बघायचं? एंडोस्कोपी कोडिंग शिकणाऱ्यांसाठी

एंडोस्कोपीचे चार्ट दिसायला अगदी सोपे असतात. दोन पानांचा रिपोर्ट, चार-पाच फोटो, वर ठळक अक्षरात लिहिलेलं "कोलोनोस्कोपी विथ पॉलिपेक्टमी" (मोठं आतडं स्कोपने बघून त्यातले पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या गाठी, काढणं), आणि प्रॉडक्शनचं टार्गेट डोक्यावर असलं की हात आपोआप ४५३८५, म्हणजे स्नेअरने पॉलिप काढल्याचा कोड, टाईप करतो. ऑडिटमध्ये सगळ्यात जास्त एरर इथेच निघतात. वरचं हेडिंग बऱ्याचदा टेम्प्लेटमधून आपोआप आलेलं असतं, डॉक्टर ते प्रोसिजर सुरू होण्याआधीच निवडून मोकळे झालेले असतात, कोड मात्र ठरतो तो खालच्या मजकुरावर. स्कोप कुठपर्यंत गेला, कुठल्या जागी काय सापडलं, आणि ते कशाने काढलं, एवढ्या तीन गोष्टी मजकुरातून स्वतः शोधून काढायची सवय लागली ना की जीआय, म्हणजे पचनसंस्थेची, स्पेशालिटी खरंच आवडायला लागते.

हे लिहितेय ते मुख्यतः त्यांच्यासाठी, जे बीएस्सी, फार्मसी, बीएचएमएस वगैरे करून हिंजवडी किंवा ऐरोलीत, नाहीतर घरून, अमेरिकेतल्या डॉक्टरांचे चार्ट कोड करतात आणि नुकतेच जीआयमध्ये आलेत. कोड सगळे अमेरिकेतले, सीपीटी (काय प्रोसिजर केली) आणि आयसीडी-१०-सीएम (कुठल्या आजारासाठी), आणि मी बोलतेय ते प्रोफेशनल साईडबद्दल, म्हणजे डॉक्टरांच्या फीच्या क्लेमबद्दल. फॅसिलिटी साईडला, म्हणजे हॉस्पिटलच्या क्लेमला, काही मॉडिफायर (कोडला जोडायची दोन आकड्यांची किंवा अक्षरांची खूण) वेगळे असतात, उदाहरणार्थ अर्धवट सोडलेल्या प्रोसिजरला तिथे भूल देण्याआधी थांबवली तर ७३ आणि दिल्यानंतर थांबवली तर ७४, ते इथे मिसळू नका.

स्कोप कुठपर्यंत गेला

हा पहिला प्रश्न, कारण कोडची फॅमिली यावर ठरते. तोंडातून लवचिक स्कोप घालून फक्त अन्ननलिका बघितली तर ४३२०० ची फॅमिली. अन्ननलिका, जठर आणि पुढे ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) बघितलं तर ती ईजीडी, ४३२३५ ची फॅमिली. आणि स्कोप पायलोरसच्या (जठराच्या खालच्या तोंडाच्या) पुढे ५० सेंटिमीटर किंवा जास्त गेला असेल तर ती एंटेरोस्कोपी, ४४३६० पासून पुढे. रिपोर्टमध्ये ईजीडी लिहिलंय पण ड्युओडेनमचा उल्लेखच नाही, असं बऱ्याचदा दिसतं. अशावेळी गृहीत धरायचं नाही. डॉक्टरांनी ड्युओडेनम मुद्दाम बघितलं नाही, किंवा जठरात अन्न साचलेलं असल्यामुळे बघताच आलं नाही, तर परत स्कोपी करायची नसेल तर मॉडिफायर ५२ (काम कमी झालं) आणि परत करायची ठरली असेल तर ५३ (काम मध्येच थांबवलं). म्हणजे रिपोर्टच्या शेवटी जो प्लॅन असतो तो पण वाचावा लागतो, नुसतं फाइंडिंग वाचून भागत नाही.

खालच्या बाजूला आलो की कोलोनोस्कोपीची व्याख्या अशी, की गुदाशयापासून सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागापर्यंत, पूर्ण मोठं आतडं बघितलं पाहिजे. सीकमपर्यंत पोचल्याचा पुरावा म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा लिहितात की अपेंडिक्सचं तोंड दिसलं, इलिओसीकल व्हॉल्व्ह दिसला, ती ओळ शोधा. पेशंटची कोलोनोस्कोपीचीच तयारी झालेली होती पण स्कोप स्प्लीनिक फ्लेक्शरच्या (मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणाच्या) पुढे जाऊनही सीकमपर्यंत पोचला नाही, तर दोन वाटा आहेत. नुसती तपासणी किंवा स्क्रीनिंग असेल तर ४५३७८ ला ५३. काही काढलं, जाळलं, टोचलं म्हणजे उपचार झाला असेल तर त्या उपचाराचा कोड आणि त्याला ५२. आणि स्प्लीनिक फ्लेक्शरपर्यंत पण पोचला नाही तर सीपीटीच्या चार्टप्रमाणे ती सिग्मॉइडोस्कोपी, ४५३३० ची फॅमिली, पण इथे पेयरच्या, म्हणजे बिल भरणाऱ्या इन्शुरन्सच्या, स्वतःच्या सूचना वेगळ्या असू शकतात म्हणून क्लायंटचं गाईडलाईन उघडून बघायचंच.

एक गोष्ट नवीन लोकांकडून हमखास सुटते ती म्हणजे सर्जिकल हिस्टरी. ज्याची उजवी बाजू ऑपरेशनमध्ये काढून टाकलीये त्याला सीकम असणारच नाही, तिथे लहान आणि मोठं आतडं जोडलेल्या जागेपर्यंत स्कोप गेला तर कोलोनोस्कोपी पूर्ण झाली, ५३ लावायचं काही कारण नाही. स्टोमामधून (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडातून) स्कोप घातला तर फॅमिलीच बदलते, ४४३८८ पासून सुरू होते. पाऊच (लहान आतड्याची बनवलेली पिशवी) असेल तर ४४३८५ आणि बायॉप्सी घेतली तर ४४३८६. म्हणून हिस्टरीची ती कंटाळवाणी ओळ सोडू नका.

कशाने काढलं

परवा टीममधल्या एका नवीन मुलीने विचारलं, "ताई, पाच पॉलिप काढलेत, मग पाच युनिट लावू ना?" प्रश्न अगदी रास्त आहे कारण काम पाच वेळा झालंय, पण नाही, एंडोस्कोपीत कोड पॉलिपच्या संख्येवर नाही तर काढायच्या पद्धतीवर लागतो. स्नेअरने पाच काढले तरी ४५३८५ एकदाच, एकच युनिट. दोन स्नेअरने आणि तीन फोर्सेप्सने काढले तर दोन कोड.

कोलोनोस्कोपीतल्या पद्धती तशा मोजक्याच आहेत. कोल्ड फोर्सेप्सने तुकडा घेतला तर ४५३८०, आणि नीट लक्षात ठेवा, कोल्ड फोर्सेप्सने अख्खा छोटा पॉलिप उचलून काढला तरी ४५३८० च, "रिमूव्ह्ड" हा शब्द बघून ४५३८५ वर उडी मारायची नाही. स्नेअर, म्हणजे तारेचा फास, कोल्ड असो की हॉट, ४५३८५. हॉट बायॉप्सी फोर्सेप्स ४५३८४. जाळून नष्ट केला, म्हणजे अॅब्लेशन, ४५३८८. आतल्या थराखाली काही टोचलं, सलाईन असो की टॅटूची शाई, ४५३८१, आणि हा पण सेशनला एकदाच, कितीही टोचण्या झाल्या तरी. फसवणारा शब्द आहे "हॉट", कारण हॉट स्नेअर आणि हॉट फोर्सेप्स दोन्ही असतात आणि घाईत वाचताना डोळा "हॉट" वर थांबतो. साधनाचं नाव वाचा, तापमान नंतर.

मग येतं ईएमआर, म्हणजे एंडोस्कोपिक म्युकोझल रिसेक्शन, ४५३९०. याचे पैसे जास्त असल्यामुळे ऑडिटरचं लक्ष पण इथे जास्त असतं. ईएमआर लावायला तीन गोष्टी रिपोर्टमध्ये दिसल्या पाहिजेत: खाली टोचून लीजन (बिघाड असलेला भाग, उदाहरणार्थ पॉलिप) उचललं, त्याची हद्द आखली, आणि स्नेअर किंवा बँडने कापून काढलं. तिन्ही एकाच लीजनवर. नुसतं सलाईनने उचललं आणि स्नेअरने काढलं, हद्द आखल्याचा उल्लेख नाही, तर ते ४५३८१ आणि ४५३८५, मग डॉक्टरांनी वर "ईएमआर" असं लिहिलेलं का असेना. आणि ईएमआर खरंच झालं असेल तर त्याच लीजनसाठी ४५३८१ किंवा ४५३८५ वेगळा लावता येत नाही, ते त्यातच आलं.

एकच लीजन की वेगवेगळे

५९ मॉडिफायर, म्हणजे "हे काम वेगळं आहे" असं सांगणारा, इथे येतो आणि सगळ्यात जास्त भीती पण याचीच असते. नियम तसा सरळ आहे. एकाच पॉलिपची आधी बायॉप्सी घेतली आणि मग तोच पॉलिप स्नेअरने काढला तर फक्त ४५३८५. बायॉप्सी एका पॉलिपची आणि स्नेअर दुसऱ्याच पॉलिपला तर दोन्ही कोड, आणि ५९ लागतो ४५३८० ला, कारण एनसीसीआयच्या टेबलमध्ये (कुठले दोन कोड एकत्र लावता येत नाहीत त्याची मेडिकेअरची यादी) दुसऱ्या कॉलममध्ये तो आहे. काही पेयर ५९ ऐवजी एक्सएस मागतात. पण ५९ लावायच्या आधी रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या जागा किंवा दोन वेगळे पॉलिप स्पष्ट दिसायला हवेत. नुसती एडिट, म्हणजे या यादीची अडवणूक, काढायला ५९ चिकटवणं म्हणजे केलेल्या कामापेक्षा जास्तीचे पैसे मागणं, आणि ते मेडिकेअरचे (अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) म्हणजे लोकांचे पैसे आहेत, हे मी टीममध्ये परत परत सांगत असते.

रक्तस्राव थांबवायचा कोड, ४५३८२, वरच्या बाजूला ४३२५५, हा फक्त तेव्हाच लागतो जेव्हा पेशंट आधीपासून रक्तस्राव घेऊन आलाय. पॉलिप कापल्यावर रक्त आलं आणि डॉक्टरांनी क्लिप लावली तर ते त्यांनीच सुरू केलेलं काम आवरणं झालं, वेगळा कोड नाही. पुढे रक्त येऊ नये म्हणून सावधगिरीची क्लिप लावली तरी वेगळा कोड नाही.

आता एक चार्ट नीट धरू

६८ वर्षांचा पेशंट, मेडिकेअर, काही त्रास नाही, दहा वर्षांपूर्वीची कोलोनोस्कोपी नॉर्मल, आता रुटीन स्क्रीनिंगला आलाय. स्कोप सीकमपर्यंत गेला, अपेंडिक्सचं तोंड दिसलं. सीकममध्ये ३ मिलिमीटरचा पॉलिप, कोल्ड फोर्सेप्सने काढला. असेंडिंग कोलनमध्ये १५ मिलिमीटरचा, त्याची आधी बायॉप्सी घेतली, सलाईन टोचून उचलला, हॉट स्नेअरने काढला, थोडं रक्त आलं म्हणून दोन क्लिप लावल्या, शेजारी टॅटू केला. सिग्मॉइडमध्ये ५ मिलिमीटरचा, कोल्ड स्नेअरने काढला. तिथेच डायव्हर्टिक्युला (आतड्याच्या भिंतीला आलेले फुगवटे) पण दिसले. पॅथॉलॉजी आली: सीकमचा ट्युब्युलर अॅडिनोमा, असेंडिंगचा ट्युब्युलोव्हिलस अॅडिनोमा, सिग्मॉइडचा हायपरप्लास्टिक.

स्नेअर दोन जागी झाला, ४५३८५ एकदा. सलाईन आणि टॅटू मिळून ४५३८१ एकदा. सीकमच्या पॉलिपसाठी ४५३८० आणि त्याला ५९, कारण ती वेगळी जागा आहे. असेंडिंगची बायॉप्सी गेली, कारण तोच पॉलिप नंतर स्नेअरने काढला. क्लिप गेल्या. हद्द आखलेली नाही म्हणून ईएमआर नाही. आणि स्क्रीनिंगला आलेला मेडिकेअरचा पेशंट म्हणून तिन्ही कोडना पीटी, म्हणजे स्क्रीनिंगमध्येच उपचार करावा लागला असं सांगणारा मॉडिफायर.

डायग्नोसिसमध्ये पहिला झेड१२.११, कारण तो आला कशासाठी ते बदलत नाही, आत काहीही सापडलं तरी. मग असेंडिंगचा डी१२.२, सीकमचा डी१२.०, सिग्मॉइडच्या हायपरप्लास्टिकचा के६३.५ आणि डायव्हर्टिक्युलोसिसचा के५७.३०. हे सगळे सगळ्या कोडना सरसकट जोडायचे नाहीत. ४५३८० ला सीकमचा डी१२.०, ४५३८५ ला डी१२.२ आणि के६३.५, ४५३८१ ला डी१२.२, आणि प्रत्येकाच्या आधी झेड१२.११. ही जोडणी, म्हणजे पॉइंटर, चुकला की ५९ बरोबर असूनही डिनायल येतो, कारण पेयरला दोन्ही कोड एकाच लीजनचे वाटतात.

अॅडिनोमाच्या जागांबद्दल एक: हिपॅटिक आणि स्प्लीनिक, दोन्ही फ्लेक्शर डी१२.३ मध्ये जातात, ट्रान्सव्हर्सबरोबर. गुदाशयातला अॅडिनोमा डी१२.८, पण गुदाशयातला साधा पॉलिप के६२.१, तिथे के६३.५ टाकू नका. आणि पॅथॉलॉजी यायची बाकी असेल तर "अॅडिनोमा वाटतोय" या वाक्यावर डी१२ लावायचा नाही. ओपीडीच्या कोडिंगमध्ये वाटतोय, शक्यता आहे, रूल आउट, हे काहीच कोड होत नाही. क्लायंट थांबायला सांगत असेल तर क्लेम होल्डवर ठेवा, नाहीतर जे नक्की आहे तेवढंच.

स्क्रीनिंग की डायग्नोस्टिक: पेशंटच्या खिशाचा प्रश्न

मला या कामात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. अमेरिकेत २०२१ मध्ये यूएसपीएसटीएफने (प्रतिबंधक तपासण्यांच्या शिफारशी करणारं तिथलं तज्ज्ञ मंडळ) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगचं वय ५० वरून ४५ वर आणलं आणि तिथल्या कायद्यानुसार बहुतेक प्रायव्हेट इन्शुरन्सना हे स्क्रीनिंग पेशंटकडून पैसे न घेता करावं लागतं. स्क्रीनिंगमध्ये पॉलिप सापडून काढला तरी तो स्क्रीनिंगचाच भाग, हे तिथल्या सरकारने २०१३ मध्येच स्पष्ट केलंय. पण इन्शुरन्सच्या कॉम्प्युटरला हे कळणार कसं? आपण लावलेल्या मॉडिफायरवरून. प्रायव्हेट पेयरला ३३, मेडिकेअरला पीटी. तो राहिला तर तिकडे एखाद्या माणसाच्या घरी मोठं बिल जातं, जे त्याने द्यायचंच नव्हतं, आणि मग तो फोनवर फोन करत बसतो. पुढच्या वेळी तो स्क्रीनिंगला येईल का, याचा विचार करा.

मेडिकेअरमध्ये काहीच सापडलं नाही तर साध्या रिस्कच्या पेशंटला जी०१२१, हाय रिस्कला जी०१०५. पहिला १२० महिन्यांतून एकदा, दुसरा २४ महिन्यांतून एकदा. पॉलिप काढला तर वर केलं तसं सीपीटी कोड आणि पीटी. पीटी लावल्यावर डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी पेशंटने भरायची रक्कम) माफ होतं, कोइन्शुरन्स (बिलातला पेशंटचा टक्केवारीचा वाटा) मात्र अजून पूर्ण गेलेला नाही, २०२३ ते २०२६ मध्ये १५ टक्के, मग २०२९ पर्यंत १० टक्के आणि २०३० पासून शून्य. २०२३ पासून आणखी एक चांगला बदल झाला, स्टूल टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर केलेली पुढची कोलोनोस्कोपी पण मेडिकेअर स्क्रीनिंगच धरतं, त्यासाठी केएक्स मॉडिफायर लागतो.

पण उलटं पण होऊ देऊ नका. पेशंटला गुदद्वारातून रक्त जातंय, के६२.५, किंवा लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया आहे, डी५०.९, आणि त्यासाठी कोलोनोस्कोपी झाली, तर ती डायग्नोस्टिक. पेशंटने किंवा क्लिनिकने कितीही आग्रह केला तरी स्क्रीनिंग म्हणून कोड करता येत नाही. इंडिकेशनची ओळ आणि रेफरलची नोट दोन्ही वाचा, दोघांत फरक असेल तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारणा, करा. आधी पॉलिप निघाले होते म्हणून आलाय, तर पॉलिपच्या हिस्टरीचा कोड झेड८६.०१० आता नुसता चालत नाही, १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचे प्रकार झालेत, अॅडिनोमा आणि सेरेटेडला झेड८६.०१०१, हायपरप्लास्टिकला झेड८६.०१०२, प्रकार माहीत नसेल तर झेड८६.०१००. घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता तर झेड८०.०.

वरच्या बाजूचं थोडं

ईजीडीत बायॉप्सी ४३२३९, कितीही जागी घेतल्या तरी एकदा. स्नेअर ४३२५१. व्हेरिसेसला (फुगलेल्या शिरांना) बँड लावले तर ४३२४४. पेग ट्यूब (पोटातून थेट जठरात जाणारी अन्नाची नळी) बसवली तर ४३२४६. सगळ्यात गोंधळ होतो तो अन्ननलिका रुंद करण्यात. गाईडवायर घालून त्यावरून डायलेटर सरकवला तर ४३२४८. ३० मिलिमीटरपेक्षा लहान बलून फुगवला तर ४३२४९, ३० किंवा जास्त असेल तर ४३२३३. आणि स्कोप बाहेर काढून, वायरशिवाय, मॅलोनी डायलेटर घातला तर ते ईजीडीत धरत नाहीत, ४३४५० वेगळा. सॅव्हरी डायलेटर म्हटलं की वायर असते, मॅलोनी म्हटलं की नसते, एवढं डोक्यात बसलं तरी निम्मं काम झालं.

त्याच दिवशी ईजीडी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही झाली तर दोन्ही कोड लागतात, वेगळ्या फॅमिली आहेत, दुसऱ्याला ५१ की ५९ ते पेयर सांगतो. एकाच फॅमिलीतले दोन कोड असले की पैसे कापले जातात ते कसे, हे पण माहीत असू द्या, म्हणजे पेमेंट बघून घाबरायला होत नाही. समजा ४५३८५ ची किंमत १० आहे, ४५३८० ची ८ आणि बेस कोड ४५३७८ ची ६. तर मेडिकेअर ४५३८५ चे पूर्ण १० देतं आणि ४५३८० चे ८ वजा ६, म्हणजे फक्त २. कारण स्कोप आत घालायचं काम एकदाच झालंय.

सेडेशनचं (गुंगीच्या औषधाचं) असं आहे की २०१७ पासून ते एंडोस्कोपीच्या कोडमध्ये धरलेलं नसतं. स्कोपी करणाऱ्या डॉक्टरांनीच मॉडरेट सेडेशन दिलं तर मेडिकेअरला जी०५००, बाकीच्यांना ९९१५२, आणि किमान १० मिनिटांची नोंद पाहिजे. अॅनेस्थेशियाची वेगळी टीम असेल तर तो त्यांचा क्लेम, आपण हात लावायचा नाही.

क्वेरी कशी लिहायची

रिपोर्टमध्ये "पॉलिप काढला" एवढंच लिहिलंय, साधन लिहिलेलं नाही, तर अंदाजाने ४५३८५ टाकू नका आणि "छोटा आहे म्हणजे फोर्सेप्सच असणार" म्हणून ४५३८० पण नको. क्वेरी टाका. पण क्वेरीत उत्तर पेरायचं नाही. "स्नेअर वापरला होता का?" असं विचारलं की व्यस्त डॉक्टर "हो" म्हणून मोकळे होतात आणि ते ऑडिटमध्ये टिकत नाही. असं लिहा: "ट्रान्सव्हर्स कोलनमधला ६ मिलिमीटरचा पॉलिप कुठल्या साधनाने काढला ते कृपया रिपोर्टमध्ये नोंदवा." जागा, आकार आणि काय हवंय ते, बस. पैशांचा, कोडचा उल्लेख नको. उत्तर आलं की ते रिपोर्टमध्ये अॅडेंडम, म्हणजे पुरवणी नोंद, म्हणून आलंय ना ते बघा, नुसत्या ईमेलवर कोड बदलू नका. आणि तोवर चार्ट पेंडिंगमध्ये ठेवा, टीएल (टीम लीडर) कितीही मागे लागले तरी.